जानेवारीत झाडलेली जाळरेषा मार्चमध्ये का हरते?

"जोहार. आम्ही उत्तर गडचिरोलीतल्या २२ ग्रामसभांचा महासंघ चालवतो. सगळ्या गावांना सामूहिक वनहक्काचे पट्टे मिळाले आहेत, मिळून जंगल साधारण ९,००० हेक्टर. गेल्या उन्हाळ्यात १४ गावांत वणवा लागला. जानेवारीत जाळरेषा साफ केल्या होत्या, तरी मार्चअखेरीस आग त्यांवरून पलीकडे गेली. चार ब्लोअर घेतले होते, त्यातले दोन बंद आहेत. वनरक्षक म्हणतात, तुमचेच लोक लावतात. आमचे लोक म्हणतात, आम्ही नाही. रात्री विझवायला कोणी येत नाही. यंदा तेंदूच्या पैशातून वणव्यासाठी रक्कम बाजूला काढली आहे आणि हे काम माझ्याकडे दिलं आहे. आणखी ब्लोअर घेऊ की माणसं नेमू? सुरुवात कुठून करू?"
— महासंघाची सचिव

ताई, जोहार.

आधी तुमच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर. यंदा पाला उडवणारा नवा ब्लोअर एकही घेऊ नका, बंद पडलेले दोन दुरुस्त करून घ्या. बाजूला काढलेल्या रकमेतला मोठा वाटा दोन ठिकाणी लावा: मोहाच्या झाडाखाली, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला साफ ठेवलेल्या पट्ट्यावर, नव्याने पडणाऱ्या पाल्यावर. तुमच्या पत्रातला मार्चअखेरचा काळ पाहता वणवा बहुधा याच दोन वाटांनी आत आला असावा.

जाळरेषेपासून सुरू करू. जानेवारीत साफ केलेली रेषा मार्चअखेरीस कामाची राहत नाही, कारण तेव्हा ती रेषा उरलेलीच नसते. तुमच्याकडच्या जंगलात सगळी झाडं एकदम पानं टाकत नाहीत. साग लवकर मोकळा व्हायला लागतो. ऐन, धावडा, मोह यांची मोठी पानझड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. जानेवारीत माती दिसेपर्यंत झाडलेल्या पट्ट्यावर मार्चच्या मध्यापर्यंत पुन्हा घोट्याएवढा पाला साचतो. आगीला तो पट्टा आणि बाजूचं जंगल यात फरक कळत नाही. म्हणून रेषा एकदा झाडायची नसते, तीनदा झाडायची असते. पहिली खेप १० फेब्रुवारीच्या आत: गवत-झुडूप कापणं, वाळलेलं उचलणं, झाडणं. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याच्या आधी हे संपलेलं हवं. दुसरी खेप ५ ते १५ मार्च. तिसरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, तीही सगळीकडे नाही, जिथे पाला पुन्हा भरला असेल तिथेच. पहिल्या खेपेला कोयता, दाताळं आणि माणसं लागतात. दुसरी-तिसरी खेप ब्लोअरची. तुमच्याकडचे चार चालू असतील तर ते तेवढ्याला पुरतील. बहुतेक ठिकाणी ब्लोअर आग लागल्यावर बाहेर निघतात, एरवी गोदामात असतात. त्यांचा खरा उपयोग मार्चच्या त्या दहा दिवसांत आहे.

रुंदी किती ठेवायची? नुसता पाला असेल, उतार नसेल, तर ३ मीटर चालतं. गवत किंवा बांबू असेल तिथे ६ मीटरपेक्षा कमी नको. चढावर, रेषेच्या खालच्या अंगाला दाट गवत असेल तर ६ मीटरही अपुरे पडतात. तिथे रेषा चढावर न काढता माथ्यावर काढा. आग चढताना वेग घेते: उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. माथा ओलांडून उतरताना ती मंदावते, आणि तिथेच रेषेचा उपयोग होतो.

झाडताना एक चूक हमखास होते. पाला रेषेच्या कडेला वरंब्यासारखा साठतो. आग तिथे पोचली की त्या ढिगाची ज्वाळा उंच उठते आणि ठिणग्या नेमक्या रेषेच्या पलीकडे पडतात. पाला पातळ पसरवून टाका, आणि जे राखायचं त्याच्या विरुद्ध अंगाला टाका. रेषेवर आडवे झुकलेले वाळके बांबू आणि कडेची वाळकी उभी खोडं आधीच काढून टाका. उभं खोड जळून पडलं की ते रेषेवर आडवं पडतं आणि आगीसाठी पूल तयार होतो. नाल्याचंही लक्षात ठेवा. नकाशावर नाला दिसला की "इथे रेषेची गरज नाही" असं लिहिलं जातं. मार्चमधला कोरडा नाला म्हणजे वाऱ्याने गोळा केलेल्या पाल्याची खोल नळी असते. तोही झाडावाच लागतो. मात्र कापायचं काम नसतं, म्हणून स्वस्तात होतो.

आता किती लांबी? तुमच्या ९,००० हेक्टरचे २२ भाग केले तर गावाला साधारण ४१० हेक्टर येतात. हा तुकडा चौकोनी धरला तर बाजू दोन किलोमीटर आणि परीघ आठ. २२ गावांचे १७६ किलोमीटर, आणि खऱ्या वाकड्यातिकड्या सीमा यापेक्षा लांबच असणार. यातून दोन गोष्टी करायच्या. पहिली, दोन गावांमधली सामाईक सीमा एकदाच मोजा आणि ती कोण झाडणार हे गावांची नावं घालून लिहून ठेवा. अशा सीमांवरच रेषा तुटलेली सापडते, कारण दोन्ही गावं समजतात की दुसरं करेल. दुसरी, सगळी रेषा तीनदा झाडायचा हट्ट सोडा. रस्त्यालगतची, शेताच्या धुऱ्यालगतची, मोहाच्या राईभोवतीची आणि यंदा कापलेल्या बांबूच्या कक्षाभोवतीची (कक्ष म्हणजे जंगलाचा आखून क्रमांक दिलेला तुकडा) रेषा तीनदा. आतल्या दाट भागातली एकदाच. मजुरीचा अंदाज बांधण्यासाठी कुणाचे तयार आकडे घेऊ नका. पहिल्या दिवशी एका गटाने अर्धा किलोमीटर झाडावा, किती माणसं आणि किती तास लागले ते लिहावं. तुमच्या जंगलाचा दर तोच.

बांबूचं वेगळं सांगायला हवं, कारण ग्रामसभा आता स्वतः बांबू कापतात. कटाईनंतर शेंडे आणि फांद्या बेटाच्या बुडाशी टाकल्या तर आग त्या बेटाला मुळापासून जाळते, आणि फुटणारे बांबू पेरातून ठिणग्या दूर फेकतात. तोडीच्या करारातच लिहा: टाकाऊ माल बेटापासून दोन मीटर लांब पसरायचा, रेषेपासून त्याहून लांब. मजूर एवढ्यासाठी थांबत नाहीत, म्हणून शेवटचं बिल पाहणी झाल्याशिवाय काढू नका.

आता "कोण लावतं" हा वाद. हा प्रश्न सभेत विचारलात की सभा तिथेच संपते. आरक्षित वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, संरक्षित वनासाठी कलम ३३ आहे. चारचौघांत कोण कबूल करेल? त्याऐवजी प्रत्येक गावात एक संध्याकाळ बसा, जमिनीवर रांगोळीने जंगलाचा नकाशा काढा आणि फक्त दोन गोष्टी विचारा: गेल्या तीन उन्हाळ्यांत कुठे जळलं, आणि तेव्हा कशाचा हंगाम चालू होता? माणसं तारीख विसरतात, पण मोह पडत होता की तेंदू फुटत होता हे विसरत नाहीत. बायका आणि गुराखी यांना वेगळं बसवून विचारा, कारण पाड्यावरच्या पुरुषांना जंगलाचे सगळे कोपरे ठाऊक नसतात. मग त्यावर उपग्रहाचे ठिपके ठेवा. भारतीय वन सर्वेक्षण विभागाच्या वणवा पोर्टलवर नाव नोंदवलं की फोनवर इशारे फुकट येतात. मागच्या वर्षांचे ठिपके नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. दोन्ही एकत्र पाहिलं की बहुतेक गावांत चित्र ओळखू येतं: मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या राईभोवती, तेंदूच्या फुटव्याआधी फळ्यांमध्ये (पान जिथे तोडून गोळा करतात त्या भागांत), रस्त्याच्या कडेने, आणि शेवटी धुरे पेटवतानाचे. माणसाचं नाव न घेता कारण हाती लागतं, आणि उपाय कारणावरच करायचा असतो.

मोह हा यातला सगळ्यात मोठा भाग, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

मोहफूल रात्रीतून आणि पहाटे टपटप पडतं. बाई अंधारातच झाडाखाली पोचते, कारण उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वल आधी येतात. खाली तळहाताएवढ्या वाळक्या पानांचा थर असतो. पिवळट फूल त्यात बुडतं, पानाच्या वळचणीत लपतं. तिला वेचायला दुप्पट वेळ लागतो आणि निम्मं हाती येत नाही. पाला जाळला की काळ्या जमिनीवर फूल लांबून दिसतं. हा तिचा हिशेब आहे आणि तो चुकीचा नाही. ती आग पाच मिनिटांत विझली असं तिला वाटतं. एखादी ओंडक्याची धग राहते, अकरा वाजता वारा उठतो, आणि दुपारी तीनला डोंगर पेटलेला असतो. म्हणून "मोहाखाली आग लावू नका" असा फलक लावून काही होत नाही. आगीशिवाय जमीन मोकळी मिळाली तर ती आग लावणार नाही.

हे कसं करायचं? तुमच्याकडे कुठलं झाड कुठल्या घराचं हे गावाला ठाऊक असतं. प्रत्येक गावाने घरवार यादी करावी: घर, झाडांची संख्या, जंगलात किती आणि शेतात किती. मग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, फूल पडायच्या आधी, प्रत्येक जंगलातल्या झाडाखालचा गोल झाडून घ्यायचा. फांद्यांच्या टोकापर्यंत आणि पुढे एक मीटर. दहा मीटर पसरलेल्या झाडाखाली हे क्षेत्र साधारण ८० चौरस मीटर होतं, गोल एक मीटरने वाढवला की ११० च्या पुढे. दोघी जणी हाताने झाडतात, ब्लोअर असेल तर काम काही मिनिटांचं. मोहाची पानं फूल येताना गळतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा झाडावं लागतं. याची मजुरी महासंघाने द्यावी. झाड ज्या घराचं, त्याच घरातल्या बाईला द्यावी. या एका खर्चावर तुमच्या सभेत वाद होईल: स्वतःच्या झाडाखाली झाडायचे पैसे कशाला? उत्तर साधं आहे. ती झाडते तेव्हा सगळ्यांचं जंगल वाचतं.

काढलेला पाला पेटवायचा नाही. खड्ड्यात टाकून माती लोटा किंवा शेतावर न्या. शेतातल्या मोहाखाली, बांधीत, कुणी ढीग जाळणारच असेल तर तो भल्या सकाळी, आठच्या आत, भोवती दोन मीटर माती मोकळी करून, दोन बादल्या पाणी जवळ ठेवून जाळावा, आणि राखेत हात घालता येईल तोवर तिथून हलू नये. संध्याकाळी पेटवून घरी येणं सगळ्यात वाईट, रात्रभर धगीकडे कुणाचं लक्ष नसतं. जाळीचा पर्यायही आहे. झाडाखाली हिरवी शेडनेट कंबरेच्या उंचीवर ताणली की फूल स्वच्छ मिळतं, मातीविना वाळतं आणि भावही बरा येतो. पण ८० चौरस मीटर जाळी प्रत्येक झाडाला परवडत नाही. यंदा प्रत्येक गावात मोजक्या, जास्त फूल देणाऱ्या झाडांखाली करून पाहा. जुन्या साड्या जोडूनही काम होतं.

तेंदूचं उत्तर करारात आहे. आगीनंतर तेंदूच्या मुळांतून नवे फुटवे जोमाने येतात, म्हणून फळीत आग लावली जाते. तोच फुटवा खुटकटाईने मिळतो: फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत झुडपं जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटायची, साधारण दीड महिन्यात तोडायोग्य पान तयार होतं. बोथट हत्याराने खुंट फाटला तर फुटवा कमजोर येतो. अडचण अशी की खुटकटाईचे पैसे ठेकेदाराकडून उशिरा येतात किंवा कमी येतात, आणि मग काडेपेटी स्वस्त पडते. तुम्ही आता पानाचा लिलाव स्वतः करता, म्हणजे अटीही तुम्हीच घालायच्या. लिलावाच्या कागदात तीन ओळी हव्यात. खुटकटाईची रक्कम फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामसभेच्या खात्यात आगाऊ जमा झाली पाहिजे. ठेकेदाराच्या माणसाने किंवा फळीवरच्या मुंशीने आग लावल्याचं ग्रामसभेच्या पंचनाम्यात आढळलं तर अनामत रकमेतून ठरलेली कपात होईल. आणि जळलेल्या फळीतलं पान ग्रामसभा विकणार नाही. ही तिसरी ओळ गावालाही बांधते, ती अवघड आहे, तरी ठेवा. खुटकटाई न झालेल्या फळ्यांची यादी १५ मार्चला तुमच्या हाती असली पाहिजे, पहारा आधी तिथे लावायचा.

आता माणसं. प्रत्येक गावात दोन अंगारी (आगीवर नजर ठेवणारी माणसं), १ मार्च ते १५ मे असे सुमारे ७५ दिवस धरले तर ३,३०० मनुष्यदिवस होतात. रोजी ४०० रुपये धरली तरी १३,२०,००० रुपये. एवढे पैसे त्यावर घालू नका. दोन-तीन गावांना मिळून एक टेहळणी जागा, अशा नऊ जागा, प्रत्येकी दोन माणसं: १,३५० मनुष्यदिवस, ५,४०,००० रुपये. जागा उंचावरची आणि जिथे फोनची रेंज मिळते अशी निवडा. नुसती उंच जागा निवडली आणि रेंज नसली तर धूर पाहणारा माणूस धूरच पाहत बसतो. रेंज नसलेल्या भागात सर्वात जवळची रेंजची जागा आणि एक मोटारसायकल ठरवून ठेवा. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

टेहळणीवरच्या माणसाला एक गोष्ट शिकवा: धूर दिसला की फोनमधल्या होकायंत्राने अंश वाचायचे आणि तेवढेच कळवायचे. शेजारच्या जागेवरचाही तेच करतो. तुमच्या हातातल्या नकाशावर दोन्ही जागांपासून पट्टीने रेषा ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे आग. "त्या डोंगरामागे" या वर्णनावर माणसं निघाली की अर्धा तास चुकीच्या नाल्यात जातो. यासाठी कक्ष क्रमांक दाखवणारा एकच नकाशा सगळ्या २२ गावांत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात हवा.

उपग्रहाच्या इशाऱ्यावर एकट्यावर विसंबू नका. ज्या उपग्रहांचे बारीक ठिपके येतात ते दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या आसपास वरून जातात. दुपारी तीनला लागलेली आग त्यांना रात्री दिसते, आणि संदेश यायला त्यानंतरही वेळ जातो. ठिपका म्हणजे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, आग त्यात कुठेही असेल, कधी किंचित बाहेरही. दाट छताखालची लहान आग सुटते. हंगामाचा हिशेब ठेवायला, रात्रीची आग सकाळी ओळखायला आणि "आमच्याकडे लागलीच नाही" हा वाद मिटवायला मात्र ते चांगले.

रात्री कोणी येत नाही, यात लोकांचं बरोबर आहे. मोहाच्या दिवसांत अस्वल असतं, तुमच्या भागात वाघ आहे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही आहे. अंधारात जळकं खोड कधी अंगावर येईल ते दिसत नाही. रात्रभराचा आग्रह सोडून पहाटेचा गट करा: साडेचार ते आठ. त्या वेळी हवेत ओल सगळ्यात जास्त, वारा पडलेला, ज्वाळा गुडघ्याच्या खाली. दुपारी वीस माणसांना न आवरलेली आग पहाटे आठ जणांना आवरते. निघण्याआधी वनरक्षकाला हत्ती कुठे आहेत ते विचारा, आणि कोण, कुठल्या कक्षात, किती जण जात आहोत हे जवळच्या पोलीस मदत केंद्राला कळवा. अंधारात टॉर्च घेऊन फिरणारा गट ओळखीचा असावा.

विझवण्याची पद्धत थोडक्यात, कारण ती शिबिरात हाताने शिकायची असते. गट आठ जणांचा: एक म्होरक्या, जो स्वतः विझवत नाही, नुसता आगीकडे आणि वाऱ्याकडे पाहतो. दोघे ब्लोअरवर, दोघे दाताळं घेऊन रेषा काढणारे, दोघे हिरव्या फांद्या आणि पाठीवरचा पंप घेऊन मागून विझवत येणारे, एक पाणी आणि इंधन सांभाळणारा. शेतीचा फवारणी पंप चालतो, पण कीटकनाशकाला वापरलेला नको, आगीवर त्याची वाफ नाकात जाते. सुरुवात जळून गेलेल्या भागाच्या मागून, रस्त्यासारख्या पक्क्या जागेपासून करायची आणि एका बगलेने पुढे सरकायचं. आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, तिच्या वरच्या चढावर तर मुळीच नाही, अरुंद घळीत नाही. ज्वाळा छातीएवढी, म्हणजे सव्वा मीटरच्या वर असेल तर हातातल्या साधनांनी भिडायचं नाही. मागे हटून पुढच्या रेषेवर थांबायचं, ती रुंद करायची. जळून काळी पडलेली, थंड जमीन ही आसऱ्याची जागा, तिथे जायची वाट प्रत्येकाला आधी दाखवायची. ब्लोअरचं तोंड आगीच्या आत असावं. थोडं चुकलं तर तोच ठिणग्या न जळलेल्या बाजूला उडवतो. उलट आग लावून, म्हणजे वणव्याच्या समोरून आपणच जाळत नेऊन विझवणं तुमच्या गटांनी यंदा करू नये, ते वनविभागाचा अनुभवी माणूस हजर असेल तेव्हाच. अंगात सुती कपडे, पायात बंद बूट, नायलॉन किंवा टेरिकॉट नको, तो वितळून कातडीला चिकटतो. माणशी पाच लिटर पाणी.

एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन मजुरांचा जीव गेला. हे लोक जंगल ओळखणारे होते. म्हणून म्होरक्या निघताना आणि परतताना नावाने मोजणी करेल, आणि त्याने "सोडा" म्हटलं की कुणी वाद घालायचा नाही.

आग विझली असं वाटल्यावरचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटलेल्या आगी बहुधा नवीन नसतात. पोकळ मोह, जुनं खोड, वाळलेलं शेण यांत धग दिवसेंदिवस राहते. कडेपासून आत तीस मीटरपर्यंत प्रत्येक ओंडका उलटा, हाताची पाठ जवळ नेऊन ऊब पाहा, माती लोटा, पाणी घाला. दोन माणसं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तिथे हवीत. या दोन दिवसांची मजुरी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर कुणी थांबत नाही.

बंद ब्लोअरबद्दल. बहुधा गेल्या जूनमध्ये टाकीत पेट्रोल राहिलं असणार. ते सुकून कार्ब्युरेटर चिकटतो. मेकॅनिककडे कार्ब्युरेटर साफ करून घ्या, प्लग आणि हवेची जाळी बदला, राखेने ती बुजते. दुसरं कारण तेलाचं चुकलेलं प्रमाण. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे: पुस्तिकेत १:५० लिहिलं असेल तर लिटरला २० मिली टू-टी तेल, १:४० असेल तर २५ मिली. तेल कमी पडलं की पिस्टन जाम होतो आणि तो खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. मापाची बाटली यंत्रालाच बांधून ठेवा. इंधन भरताना इंजिन बंद, पाच मिनिटं गार, आगीपासून लांब. प्रत्येकामागे दोन प्लग, एक जाळी आणि ओढायची एक दोरी शिल्लक ठेवा. १ फेब्रुवारीला चारही यंत्रं वीस मिनिटं चालवून पाहा आणि १५ जूननंतर टाक्या रिकाम्या करा.

वनविभागाशी भांडण नको, कागद हवा. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) ने जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन हा तुमचा हक्क आहे, कलम ५ ने ते तुमचं कामही आहे. पण पट्टा मिळाला म्हणून वनविभागाची जबाबदारी संपत नाही, आणि वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असणाऱ्यांनी आग कळवणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. या तिन्ही गोष्टी मांडून १५ जानेवारीच्या आत संयुक्त बैठक मागा. त्यात कुठली रेषा कोण झाडणार, त्यांचे ब्लोअर आणि गाडी कधी मिळणार, फोन कोण उचलणार हे नावानिशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक प्रत्येक अंगाऱ्याच्या फोनमध्ये असू द्या. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध, म्हणजे आधीच एका कामाला न बांधलेल्या, निधीत वन आणि वन्यजीव संवर्धनाचा भाग आहे. जाळरेषेचा खर्च त्यात बसवण्यासाठी ग्रामसभेचा ठराव आत्ताच घ्या, मार्चमध्ये फार उशीर होतो.

जंगलाला आगीचा एकही डाग नको, असं काही जाणती माणसं मानत नाहीत. थंडीत, ओल असताना गवताचा एखादा पट्टा जाळणं आणि एप्रिलमधला वणवा यात फार फरक आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण दरवर्षी जळणाऱ्या जंगलात चारोळी, बेहडा, बिजा यांची रोपटी वर येऊ शकत नाहीत, आणि उद्याचं तुमचं उत्पन्न त्यांच्यातच आहे. कुठला पट्टा, कुठल्या महिन्यात, कशासाठी, हे व्यवस्थापन आराखड्यात लिहून आणि परवानगी घेऊनच असा प्रयोग करा. यंदा नको, यंदा रेषा धरा.

"ज्या गावात वणवा नाही त्याला बक्षीस" अशी सूचना तुमच्या सभेत येईल. ती स्वीकारू नका. बक्षिसासाठी आग लपवली जाते, आणि लपवलेली आग शेजारच्या गावात जाते. बक्षीस द्यायचंच तर तीनही वेळा रेषा झाडल्याची पाहणी झालेल्या गावाला आणि धूर दिसल्यापासून पंधरा मिनिटांत कळवणाऱ्याला द्या.

शेवटचं, विमा. आगीजवळ जाणाऱ्या प्रत्येकाचा, १८ ते ७० वयातल्या, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अर्ज भरून घ्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. पैसे महासंघाने द्यावेत, अर्ज मात्र ज्याच्या-त्याच्या बँकेत. या योजनेचं वर्ष ३१ मे रोजी संपतं आणि वणव्याचा हंगाम १५ जूनपर्यंत असतो. मेच्या अखेरीस खात्यात २० रुपये शिल्लक नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि शेवटचे पंधरा दिवस माणूस विम्याविना आगीवर जातो. २० मे रोजी सगळ्यांची पासबुकं तपासायला एका माणसाला नेमून ठेवा.